फड, बारी, पार्टी : सातारा-सांगलीकडील कलासंचांची नावे

लोकांसमोर कला सादर करणाऱ्या संचाचे नाव ही त्याची पहिली जाहिरात असते. परंतु भाषेच्या अभ्यासात तिला याहून अधिक मोल आहे. संच कोणाचा, कोठला आणि कोणत्या प्रकारचा, या तीन प्रश्नांची उत्तरे नावात साठविलेली असतात. त्यांतील कोणते उत्तर दिले आहे व कोणते गाळले आहे, यावरून कलावंताचे समाजातील स्थानही उलगडते. सातारा व सांगली या जिल्ह्यांत अशा नावांची विपुल सामग्री मिळते. वाळव्यासारखे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून या विषयात दोहोंचा विचार एकत्र करणे इष्ट होय.

प्रथम समूहवाचक शब्द पाहू. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली संस्थानच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' हा नाट्यप्रयोग केला. त्या परंपरेतील नाटकवाल्यांची ती 'मंडळी'. तमासगिरांचा मात्र 'फड'. उसाचाही फड असतो आणि कुस्तीचाही. अनेक माणसे एकत्र येऊन जेथे कष्टाचे किंवा चढाओढीचे काम करतात, ते स्थळ या शब्दाने सुचविले जाते. ढोलकी-फडात गण, गौळण, बतावणी व वग असा क्रम असतो. 'संगीत बारी'त वग नसतो. तेथे गाणे व नृत्य यांनाच प्राधान्य. 'बारी' म्हणजे पाळी : एकाच ठिकाणी अनेक संच पाळीपाळीने उभे राहतात, हे त्या शब्दातच आले आहे. म्हणजे समूहवाचक शब्द बदलला की कलाप्रकारही बदलतो.

दुसरा घटक गावाचा. मिरज तालुक्यातील कवलापूर येथील खाडे घराण्याचा फड 'कवलापूरकर' या नावाने गाजला. आडनाव पुष्कळदा जात किंवा वतन सांगते. '-कर' हा प्रत्यय केवळ गाव सांगतो. ज्या समाजांतील कलावंतांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्यांनीच गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. याच घराण्यातील लहू व अंकुश हे जुळे बंधू 'जहरी प्याला' या वगातील पात्रांच्या नावांनी, म्हणजे 'काळू-बाळू' म्हणून, ओळखले जाऊ लागले. येथे पात्राच्या नावाने माणसाचे नाव मागे सारले.

आडनाव टाकून देण्याचे सर्वांत ठळक उदाहरण वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावचे. तेथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) हे तमाशात जाऊन 'पठ्ठे बापूराव' झाले. 'कुलकर्णी' हे वतनाचे नाव. 'पठ्ठा' म्हणजे तालमीतला तरणा गडी. एक शब्द टाकून दुसरा घेणे म्हणजे दप्तर सोडून फडात उतरणे होते. आपल्या लावण्यांच्या अखेरीस ते हीच नाममुद्रा घालीत. तथापि ब्राह्मणाने स्वेच्छेने टाकलेले नाव आणि इतरांना नाइलाजाने झाकावे लागलेले नाव, यांत अंतर आहे. बापूरावांची कीर्ती जिच्या गायनाने वाढली, ती महार समाजातील पवळा हिवरगावकर हीदेखील गावाच्याच नावाने ओळखली गेली.

तिसरा घटक पदवीचा. 'शाहीर' हा शब्द अरबी 'शाइर' म्हणजे कवी यापासून आला. वाई तालुक्यातील पसरणीचे कृष्णराव गणपतराव साबळे (१९२३–२०१५) यांच्या बाबतीत ही पदवी इतकी रूढ झाली की मूळ नाव मागे पडून 'शाहीर' हेच जणू पहिले नाव ठरले. 'शाहीर साबळे आणि पार्टी' या नावात अरबी पदवी आणि इंग्रजी 'पार्टी' शेजारी शेजारी नांदतात.

या तिन्ही घटकांना फाटा देणारे नावही याच भागातील कलावंताशी निगडित आहे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली मुंबईत 'लाल बावटा कलापथक' उभारले. त्यात ना गाव, ना व्यक्ती, ना पदवी. आहे ते केवळ निशाण. पुढे इंग्लंडातील चार तरुणांच्या 'बीटल्स' या संचाचे नावही व्यक्ती व गाव दोन्ही गाळणारे होते. पण ते शब्दांच्या गमतीतून आले, तर 'लाल बावटा' हे विचाराच्या घोषणेतून.

शेवटचे उदाहरण वाईचे. कोल्हाटी समाजात जन्मलेल्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना १९७५ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या बारीचे नाव 'यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी'. गौरवाच्या नोंदीत यमुनाबाई आल्या. हिरा व तारा त्या नोंदीबाहेर राहिल्या, पण संचाच्या नावात तिघींना सारखेच स्थान आहे. म्हणून लोककलेचा इतिहास लिहिताना कलावंतांची नावे 'शुद्ध' करून केवळ कागदोपत्री आडनावाने नोंदविणे हितावह नाही. पाटीवरचे नाव जसेच्या तसे उतरून घ्यावे व त्याशेजारी घरचे नाव द्यावे. पाटीवरचे नाव गाळले गेले, तर एखादी हिरा किंवा तारा इतिहासातूनच गळून पडते.