बाप्तिस्म्याचे रजिस्टर आणि जातीचा दाखला

प्रत्येक पाळकाच्या कपाटात एक जाड रजिस्टर असते. बाप्तिस्मा घेणाराचे नाव, आईबापांची नावे, तारीख, साक्षीदार आणि खाली पाळकाची सही. मंडळीच्या दृष्टीने या नोंदीला मोठे मोल आहे. माणूस ख्रिस्ताचा झाला याची ती जाहीर साक्ष. परंतु गेली कित्येक वर्षे महाराष्ट्रातील दलित ख्रिस्ती माणूस या रजिस्टराला भिऊन असतो. तो उपासनेला येतो, भजनात टाळ धरतो, आजारपणात पाळकाला घरी बोलावतो, आणि बाप्तिस्म्याचा विषय निघाला की हलक्या आवाजात म्हणतो, "पाळकसाहेब, सगळे करा, नाव तेवढे लिहू नका." मुलगा घरी शमुवेल असतो आणि शाळेच्या दाखल्यावर सुनील.

या माणसाला भित्रा किंवा ढोंगी म्हणणे सोपे आहे. आमचे काही धर्मबंधू व्यासपीठावरून तसे म्हणतातही, आणि बहुधा असे म्हणणारांच्या मुलांची शिक्षणे केव्हाच पुरी झालेली असतात. पण ही भीती कोठून आली हे समजून घेतल्याशिवाय तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.

तिचे मूळ कायद्यात आहे. 10 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयीचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारास अनुसूचित जातीतून वगळले. 1956 मध्ये दुरुस्ती होऊन शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. हा पायंडा मुळात इंग्रजांचा, हेही ध्यानात घ्यावयास हवे. 1936 च्या आदेशातच, ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले होते. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती अस्पृश्याचे फार भले केले, अशा समजुतीत असणारांनी हा कागद एकदा डोळ्यांखालून घालावा.

आदिवासी ख्रिस्ती झाला तरी कायद्याने अनुसूचित जमातीतच राहतो. दलिताचे मात्र तसे नाही. तो ख्रिस्ती होताच शिष्यवृत्ती, नोकरीतील राखीव जागा, राखीव मतदारसंघ, सारे एका सहीने जाते. पुढे तो किंवा त्याचा मुलगा हिंदू धर्मात परतला आणि जातीने त्याला स्वीकारले, तर न्यायालयांच्या मते हे हक्क पुन्हा जिवंत होऊ शकतात. म्हणजे जात मेलेली नसते, निजलेली असते, असे न्यायालयच सुचवते. मग ती निजलेली असताना गावातल्या पाटलाला ती कशी दिसते, हा प्रश्न उरतोच.

1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सूसाई यांचे प्रकरण आले. मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा हा आदिद्रविड ख्रिस्ती माणूस. सरकार अनुसूचित जातीच्या चर्मकारांना बसण्यासाठी टपऱ्या फुकट देत होते. सूसाईंना ती नाकारली गेली. न्यायालयाने सांगितले, धर्मांतरानंतरही जात टिकते एवढे दाखवून भागणार नाही. हिंदू समाजातल्याइतकीच खोल अपंगता ख्रिस्ती समाजातही सोसावी लागते हे सिद्ध करा. या निकालाने ख्रिस्ती दलिताला चमत्कारिक पेचात टाकले. हक्क हवा असेल तर त्याने आपल्याच मंडळीविरुद्ध साक्ष द्यावयाची! मंडळीची अब्रू राखली तर पोराची शिष्यवृत्ती जाते, आणि शिष्यवृत्तीसाठी बोलला तर मंडळीतले थोर लोक डोळे वटारतात.

आणि चपला शिवून घेणारा माणूस समोरच्याचा धर्म विचारतो कोठे? सूसाईंच्या हातातील आरी बाप्तिस्म्याने बदलली नव्हती, आणि त्यांच्याकडे पाहणारांची नजरही.

आंध्र प्रदेशात नुकतेच जे घडले ते याहून बोचरे आहे. एका पाळकाने जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाल्याची तक्रार अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली केली होती. 2025 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने निर्णय दिला की तो ख्रिस्ती झालेला असल्याने त्यास या कायद्याचा आधार नाही. शिवी देणाराने मात्र त्याचा बाप्तिस्मा मान्य केलेला नसतो. शिवी जुन्या जातीला, आणि कायदा नव्या धर्माला!

आता आमच्या घरातील गोष्ट. आमच्यात जात नाही, असे आम्ही उपदेशात सांगतो. आणि दिल्लीला निवेदन पाठवतो तेव्हा आमच्यातही जात आहे, असे लिहितो. दोन्हींपैकी एक खोटे असले पाहिजे, आणि खोटे आहे ते पहिले. तामिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती कबरस्तानात दलितांच्या कबरी भिंत घालून वेगळ्या केलेल्या होत्या, हे सर्वांना ठाऊक आहे. कॅथलिक बिशपांनी 2016 मध्ये आपल्या धोरणपत्रात चर्चमधील अस्पृश्यता कबूल केली. हैदराबादचे अँथनी पूला 2022 मध्ये कार्डिनल झाले, ते त्या पदावर बसलेले पहिले दलित. ज्या चर्चमध्ये दलितांची संख्या एवढी मोठी, तेथे ही गोष्ट बातमी व्हावी यातच सारे आले.

महाराष्ट्रात भिंती नाहीत म्हणून आपण निराळे, असे समजण्याचे कारण नाही. सोयरीक जमवताना "मूळचे कोण?" हा प्रश्न आजही येतो, महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती घरांत लग्न ठरले की दोन्हीकडचे म्हातारे गप्प होतात. शिवाय आम्ही आमचा इतिहासही उच्चवर्णीय धर्मांतरितांभोवती रचून ठेवला. बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई ही माणसे मोठीच. टिळकांच्या भजनांशिवाय मराठी उपासना कल्पिता येत नाही. परंतु अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणे केल्यापासून, विशेषतः 1876-78 च्या दुष्काळाच्या सुमारास, जे महार-मांग वाडे येशूकडे आले त्यांची नावे कोणाच्या ओठांवर आहेत? त्यांना 'पोटासाठी बाटलेले' म्हणून हिणवले गेले. उपाशी माणसाने भाकर देणाराजवळ जाणे हे पाप कसे, ते मला पवित्र शास्त्रात कोठे आढळलेले नाही.

एक उलटा दाखलाही दिला पाहिजे. जोतीरावांच्या शाळेतील मांग समाजाची मुलगी मुक्ता साळवे हिचा महारामांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये छापला तो मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'ने. मंडळीच्या छापखान्याला एके काळी हे धैर्य होते.

बाबासाहेबांनी हा सगळा पेच फार आधी ओळखला होता. 1 जानेवारी 1938 रोजी सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी दक्षिणेतील चर्चमधल्या जातिभेदावर बोट ठेवले. महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते हेही सांगितले. आणि सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी ख्रिस्ती समाज कधी लढला नाही, असे स्पष्ट सुनावले. या तीन गोष्टींतील पहिल्या दोन अजून तशाच आहेत. तिसरीत थोडाफार फरक पडला. आपल्याच महाराष्ट्रातील अरविंद निर्मळ यांनी 1981 पासून दलित ईशज्ञानाची मांडणी सुरू केली आणि ख्रिस्ताकडे दलिताच्या डोळ्यांनी पाहावयास शिकविले. पण ते विचार सेमिनरीच्या ग्रंथालयात जितके वाचले गेले तितके खेड्यातल्या देवळात पोचले नाहीत.

या नियतकालिकाचे बहुसंख्य वाचक बौद्ध आहेत, म्हणून त्यांना विनंती की 1956 ते 1990 ही चौतीस वर्षे आठवावीत. केंद्राच्या सवलतींसाठी तेव्हा बौद्ध बांधवांनाही कागदावर 'हिंदू महार' राहावे लागत होते. दीक्षाभूमीवर घेतलेली प्रतिज्ञा एकीकडे आणि कचेरीतील अर्ज दुसरीकडे, ही ओढाताण त्यांच्या घरांनी सोसलेली आहे. ख्रिस्ती दलित आत आले तर आमचा वाटा कमी होईल, ही शंका खोटी म्हणून झटकता येणार नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 च्या अहवालात 1950 च्या आदेशातील तिसरा परिच्छेद वगळावा असे सुचविले, तेव्हाही ती उठली होती. तिचे उत्तर जागांचे प्रमाण वाढवून मागण्यात आहे, आणि ती मागणी एकत्र करावयाची आहे.

मंडळ्यांपुरते सांगायचे तर न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता करण्यासारखे पुष्कळ आहे. मिशनच्या शाळा-कॉलेजांतील जागांपैकी दलित ख्रिस्ती मुलांना किती मिळतात, याचा हिशेब दरवर्षी मंडळीपुढे वाचला जावा. इस्टेटीच्या पंचकमिट्यांवर कोण बसतात, तेही वाचले जावे. आणि जो बाप रजिस्टरात नाव लिहू नका म्हणतो, त्याच्या मुलाला प्रभुभोजनाच्या पंगतीतून उठवू नये. नाव लिहिण्याची किंमत तो एकटा भरतो. पाळकाचा पगार त्या सहीने कमी होत नाही.