टॅरो : हुकमाच्या पानांपासून भविष्यकथनापर्यंत

टॅरोच्या मांडणीतून ‘मृत्यू’चे पान निघाले, की समोर बसलेल्याच्या काळजात चर्र होते. चिलखत ल्यालेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर स्वार आहे आणि त्याच्या वाटेत राजा कोसळलेला आहे. नोकरी, विवाह वा आजारपणाची चिंता घेऊन आलेला माणूस या चित्राला नियतीचा कौल मानतो. ही पाने प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांची गूढविद्या आहे, ही समजूत त्या भीतीला अधिकच वजन देते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. टॅरोचा जन्म देवळात झाला नाही. तो इटलीतील उमरावांच्या खेळाच्या डावात झाला.

पत्ते युरोपात पोहोचले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इजिप्तमधील मामलुक राजवटीच्या मुलखातून. त्या पानांवर चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या होत्या. पोलो ठाऊक नसलेल्या इटालियनांनी काठ्यांचे दंड केले. पुढे १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत या ५६ पानांना २२ चित्रांची जोड मिळाली आणि ७८ पानांचा नवा संच तयार झाला. मेंढीकोटात हुकमाचे पान जे काम करते, तेच काम ही चित्रे करीत. इतर पानांना मारून हात जिंकत. त्यांना ‘त्रिओन्फी’, म्हणजे विजय, असे नाव होते. इंग्रजीतील ‘ट्रम्प’ हा शब्द त्यातूनच आला. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी १४५० च्या आसपास रंगवलेल्या, सोन्याचा वर्ख दिलेल्या एका संचातील ७४ पाने आजही न्यूयॉर्क आणि बेर्गामो येथे जपलेली आहेत.

चित्रांची भाषा

ही चित्रे त्या काळच्या इटालियन माणसाला परिचयाची होती. पोप, सम्राट, न्याय, संयम, प्रेम हे सारे त्याच्या चर्चमधले, दरबारातले आणि मिरवणुकीतले विषय. ‘भाग्यचक्रा’वर एक जण वर चढतो, एक शिखरावर बसतो, एक खाली घसरतो आणि एक तळाशी चिरडतो. सत्ता कुणाचीच कायमची नसते, हा त्याचा सरळ अर्थ. एका पायाने उलटा टांगलेला माणूस आज आत्मत्यागाचे प्रतीक मानला जातो. पण इटलीतील शहरांत फितुरांची अशीच उलटी टांगलेली चित्रे बदनामीसाठी भिंतींवर रंगवीत. म्हणूनच जुन्या इटलीत या पानाला ‘फितूर’ असेही म्हणत. ‘मृत्यू’ही अनोळखी नव्हता. १३४८ च्या प्लेगची आठवण पुसलेली नव्हती आणि राजा-रंक दोघांनाही गाठणारा सांगाडा हा त्या युगाच्या चित्रकलेचा नेहमीचा विषय होता.

गूढतेचे आवरण

सुमारे साडेतीन शतके टॅरो प्रामुख्याने खेळच राहिला. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने ही पाने म्हणजे इजिप्तचा लुप्त ज्ञानग्रंथ असल्याचे जाहीर केले. त्याला पुराव्याचा आधार नव्हता. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियोंने ती उलगडली १८२२ मध्ये. तोवर ‘एतेय्या’ या नावाने लिहिणाऱ्या पॅरिसच्या ज्योतिष्याने टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापून प्रसिद्धही केली होती. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेव्हीने २२ चित्रांची सांगड हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांशी घातली. गंमत अशी, की पत्ते खरोखरच इजिप्तमार्गे आले होते. पण ते फॅरोहांच्या नव्हे, सुलतानांच्या इजिप्तमधून.

आज सर्वाधिक ओळखीचा संच १९०९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेतून पामेला कोलमन स्मिथ यांनी सर्व ७८ पाने चितारली. पूर्वी ज्या पानांवर केवळ पाच चषक किंवा तीन तलवारी असत, तिथे त्यांनी माणसे आणि प्रसंग आणले. उलट्या टांगलेल्या फितुराच्या मस्तकाभोवती तेजोवलय आले. एवढ्या कामाचा मोबदला मात्र त्यांना अगदीच तुटपुंजा मिळाला आणि बराच काळ हा संच प्रकाशक रायडर व वेट यांच्याच नावाने ओळखला गेला.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये टॅरोचा हा खेळाचा इतिहास साधार मांडला. फ्रान्समध्ये तर आजही टॅरोचे डाव रंगतात. उद्या काय घडेल, हे पाने सांगू शकत नाहीत. प्रेम, सत्ता, पतन आणि आशा या साऱ्यांची चित्रे त्यांत असल्याने पाहणाऱ्याला आपलीच कथा तिथे दिसते, एवढे खरे. ‘मृत्यू’ने घाबरणाऱ्याने क्रम तरी पाहावा. ते तेरावे पान आहे. त्यानंतर तारा, चंद्र आणि सूर्यासह आणखी आठ पाने येतात. शेवटचे पान ‘विश्व’ आहे.