हैदराबादचा अंदाज आणि नाखव्याचं काळीज



हैदराबादला समुद्र नाही. तरी आपल्या दर्याची खबर रोज तिथूनच निघते. भारत सरकारची ‘इन्कॉईस’ ही संस्था १९९९ पासून तिथे आहे. उपग्रहाने टिपलेलं पाण्याचं तापमान आणि पाण्यातल्या हिरव्या शेवाळाचं प्रमाण बघून मासळी कुठे असू शकते हे ती सांगते. लाटा किती उंच, वारा कुठून, हेही सांगते. हे आपल्याला माहीत आहे. पण या अंदाजाचा आपल्या हृदयाशी काय संबंध, ते आज सांगायचं आहे.

कोणाला अटॅक आला की बंदरावर एकच वाक्य ऐकू येतं, “टेन्शन लय घ्यायचा.” ते अगदीच खोटं नाही. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हार्ट अटॅकच्या कारणांमध्ये तंबाखू, बीपी, मधुमेह यांच्या रांगेत मानसिक ताणही निघाला.

ताण आला की नाडी जोरात चालते, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. मोठी लाट आली, तांडेलाने सुकाणू सांभाळलं, लाट गेली, की शरीर परत खाली येतं. या ताणाला आपलं शरीर सरावलेलं आहे. पण बँकेचा हप्ता, डिझेल, बर्फ, खलाशांना दिलेली उचल आणि लिलावात पडलेला भाव, ही लाट जातच नाही. नाखवा किनाऱ्यावर झोपलेला असला तरी त्याचं बीपी दर्यातच असतं. मग झोप नाही, म्हणून चहा. चहावर बिडी, नाहीतर तंबाखूची गोळी. हृदयाला दोन्हीकडून मार.

यात सगळ्यात वाईट ताण कुठला म्हणाल तर “जाऊ की नको?” हा. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार आणि पाठोपाठ महा, अशी दोन वादळं ऐन सिझनात आली, तेव्हा हा प्रश्न किती जड असतो ते सगळ्यांनी बघितलं. डिझेल भरलेलं, बर्फ वितळतोय, शेजारची बोट सुटली, आणि निर्णय एकट्याने घ्यायचा.

इथे हैदराबादचा अंदाज कामाला येतो. मासळी हमखास मिळेल असं तो सांगत नाही, आणि जाड ढग असले की मासळीचा अंदाज येतही नाही. पण लाटांचा अंदाज येतो. लांबच्या समुद्रातून येणारं उधाणही कळतं, जे इकडे वारा पडलेला असताना अंगावर येतं. आमचं सांगणं इतकंच: आपल्या बोटीने किती उंच लाटेला थांबायचं, तो आकडा तांडेलासोबत बंदरात बसून आधीच ठरवा. प्रत्येक बोटीचा वेगळा असेल. संध्याकाळी अंदाज बघा, आकडा ओलांडला तर फेरी नाही, आणि रात्री झोपा. शेजारची बोट गेली तर जाऊ दे.

हैदराबादमधली दुसरी एक संस्था म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्था. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, असं ती सांगते. पाच ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा, तोही दिवसभरात मिळून. आता बोटीवरचं रेशन आठवा: सुकट, सुके बोंबील, लोणचं, पापड. सुकी मासळी सोडा असं आम्ही कसं सांगणार? पण खारवलेली असेल तर भिजवून दोनदा धुवा, आणि कालवणात वरून मीठ घालू नका.

बीपी दुखत नाही, म्हणून कळत नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी सरकारी उपकेंद्रात मोफत होते. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात बोट वर ओढलेली असते, तेव्हा जाऊन या. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आलं तर डॉक्टर गाठा. गोळी चालू असेल तर आठ दिवसांच्या फेरीला दहा दिवसांच्या गोळ्या न्या. “बरं वाटतंय” म्हणून बंद करू नका.

छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम, हे दिसलं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन जाळी ओढत बसू नका. मासळी विकणाऱ्या आपल्या बायकांमध्ये कधीकधी नुसता दम लागतो, पाठ दुखते, गळून गेल्यासारखं होतं. तेही मनावर घ्या. माणसाला टेकून बसवा, चालवू नका, बोट तिथूनच फिरवा. जाळी सोडावी लागली तरी चालेल. व्हीएचएफ चॅनल १६ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवा, आणि रेंज येताच १०८ ची गाडी जेटीवर मागवा. कोणती गोळी बोटीच्या औषधपेटीत ठेवायची ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

आणखी एक. मच्छीमारांचा अपघात विमा अपघातासाठी आहे, हार्ट अटॅक हा आजार आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, पण यादीतल्याच हॉस्पिटलात. आपल्या बंदराला जवळचं कुठलं, ते आजच शोधून घरात सगळ्यांना सांगा आणि कार्ड बोटीच्या कागदांच्या पिशवीत ठेवा.