चांदबीबी जगली असती तर?

'आत्याबाईला मिशा असत्या तर' असं म्हणून आपल्याकडे जर-तरचे प्रश्न उडवून लावतात. आम्हांला ते इतकं सोपं वाटत नाही. अमुक घटनेमुळे तमुक घडलं असं इतिहासकार म्हणतो, तेव्हा ती घटना नसती तर तमुक टळलं असतं, हे त्याने मनाशी धरलेलंच असतं. मॅक्स वेबरने १९०६ साली मॅरेथॉनच्या लढाईवरून हेच दाखवलं. आपण इतक्या लांब कशाला जा? नगरचा भुईकोट आहे ना!

डिसेंबर १५९५ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याने त्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, चांदबीबी स्वतः खिंडारात उभी राहिली, रातोरात तट बांधून निघाला. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. हे सगळ्यांना पाठ आहे. (शहराबाहेरच्या डोंगरावरचा 'चांदबीबी महाल' मात्र तिचा नव्हे, ती सलाबतखानाची कबर.)

१६०० साल आपण घाईने उरकतो. मुराद वारला होता; आता शहजादा दानियालचा वेढा होता आणि आत दरबारात फाटाफूट. फेरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, किल्ला मोगलांना देऊन बालराजा बहादूरशहासह जुन्नरला निघून जावं, असं चांदबीबीने ठरवलं. ती फितूर झाली अशी हाकाटी उठली आणि आपल्याच लोकांनी तिला मारलं. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

'ती जगती तर नगर वाचतं', असं आपण सहज म्हणून जातो. हे टिकत नाही. कल्पनेत बदल करायचा तो एकच, लहानात लहान: खून झाला नाही. वेढा, फाटाफूट, बऱ्हाणपुरात येऊन बसलेला अकबर, सगळं जागच्या जागी. मग नगर जातंच, कारण ते सोडायचा बेत खुद्द तिचाच होता. वाचतो तो राजा. ज्यांनी तिला फितूर ठरवलं, त्यांच्या हातून किल्ला तर गेलाच, वर राजाही गेला.

आणि वेळ बघा. त्याच साली उत्तरेत सलीमने बंड केलं. १६०१ मध्ये अकबर आग्र्याला परतला. जुन्नरला गेलेल्या घराण्याला दम घ्यायला उसंत मिळाली असती, इथवर आम्ही बेधडक म्हणू.

यापुढे नुसता अंदाज. मलिक अंबरने १६०० मध्येच परांड्याला दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं, ते गादी रिकामी होती म्हणून. जुन्नरला कर्ती राणी आणि हयात राजा असता, तर अंबर मोठा सरदार झाला असता, पण सर्वेसर्वा? आम्हांला शंका आहे. आणि अंबर तसा नसता, तर १६२४ ची भातवडी तशी झाली असती का? शहाजीराजे त्या लढाईत होते. पुढे १६३३ मध्ये त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर, निजामशाही घराण्यातलं एक मूल गादीवर बसवून कारभार स्वतः हाती घेतला. परांड्याचाच कित्ता तो. खून झाला नसता, तर हा कित्ता कुणी घालून दिला असता?