मागच्या चाकांच्या मधे लटकणारा तो लोखंडी भोपळा नेमका करतो काय?

खंबाटकी घाट असो नाहीतर कसारा. भर चढावर लोड गाडी उभी असते, मागे रांग लागलेली असते, आणि ड्रायव्हरने चाकांखाली दगड लावून रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकलेल्या असतात. गंमत म्हणजे इंजिन चालू असतं. गिअर पडतो, क्लच सुटतो, पण गाडी जागची हलत नाही. मग कुठूनतरी मिस्त्री येतो, खाली वाकून बघतो आणि दोन शब्दांत निकाल देतो, "एक्सल तुटला."

रांगेतले आपण ट्रकवाल्याला चार शिव्या घालून पुढं जातो. पण ज्याची ती एकुलती एक गाडी आहे आणि जिचा हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो, त्याच्यासाठी हे दोन शब्द फार महाग असतात. पार्ट बदलून मिळतो, पण उभ्या गाडीचं भाडं कोण देणार?

तर आज विषय ट्रकच्या ड्राइव्ह एक्सलचा. तो असतो काय, गाडीखाली बघून ओळखायचा कसा, आणि तो कशामुळं मरतो.

बैलगाडी डोळ्यापुढं आणा. तिचा आख नुसता आडवा असतो, वजन पेलतो. दोन्ही चाकं त्याच्यावर आपापली फिरतात, कारण ओढायचं काम बैल करतात. ट्रकचा पुढचा एक्सल असाच असतो, वजन पेलणारा आणि वळणारा. मागच्या एक्सलला मात्र दोन कामं असतात. वजन पेलायचं आणि बैलही व्हायचं. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून निघते, गाडीखालच्या लांब दांड्यातून, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टमधून मागं येते आणि दोन मागच्या चाकांच्या मधल्या फुगीर भागात शिरते. हा भाग म्हणजेच तो लोखंडी भोपळा. गॅरेजमध्ये पूर्ण कवचाला हाउसिंग म्हणतात.

भोपळ्याच्या आत एक छोटा गिअर असतो, पिनियन, आणि त्याला भिडलेला एक मोठा, क्राउन. दांडा फिरतो लांबीच्या दिशेने आणि चाकं फिरवायची असतात आडव्या आसावर, तर हा काटकोन क्राउन-पिनियन बदलून देतात. सोबत वेग कमी करून जोर वाढवतात. किती वाढवतात? समजा इंजिनचा टॉर्क ८५० न्यूटन मीटर आहे, पहिल्या गिअरचा रेशो ९ आहे आणि एक्सलचा ५.८६. तिन्हींचा गुणाकार केला तर घर्षणात जाणारं सोडून जवळपास ४४,८०० न्यूटन मीटर एवढा जोर मागच्या चाकांकडं जातो. क्लच झटक्यात सोडला की हा सगळा जोर एका क्षणात त्या दातांवर आणि शाफ्टवर आदळतो. झटका का वाईट, हे या आकड्यावरून कळावं.

आता एक अडचण. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्याला जोडली तर वळताना टायर घासणार आणि दांडा पिळणार. म्हणून क्राउनच्या आत डिफरेंशियल बसवलेलं असतं. त्यातले चार छोटे गिअर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरायची मुभा देतात. त्यातून डावीकडं एक आणि उजवीकडं एक असे दोन एक्सल शाफ्ट निघतात.

घाटातल्या गाडीचं कोडं इथं सुटतं. डिफरेंशियलचा स्वभाव असा की ज्या बाजूला विरोध कमी, तिकडं ते फिरत सुटतं. एका बाजूचा शाफ्ट तुटला की तिकडं विरोधच उरला नाही. दुसरा शाफ्ट ठणठणीत असूनही गाडी हलत नाही. एक चाक चिखलात आणि एक कोरड्यावर असताना चिखलातलंच का गरगरतं, त्याचंही कारण हेच. यावर उपाय म्हणून बऱ्याच ट्रकला डिफरेंशियल लॉक असतं. ते लावलं की दोन्ही शाफ्ट एकत्र फिरतात.

पण हे लॉक चाक गरगरत असताना लावायचं नसतं. गाडी थांबवायची, मग लॉक लावायचं, हळू बाहेर पडायचं आणि डांबरी रस्त्याला लागून वळायच्या आत काढून टाकायचं. चाक भन्नाट फिरत असताना लॉक दाबलं तर आतले दात उडण्याची पाळी येते. आणि लॉक न लावता चिखलात एकच चाक मिनिटभर गरगरवत ठेवलं तर ते चार छोटे गिअर आपल्या पिनांवर इतक्या वेगाने फिरतात की तिथलं ऑइलच बाजूला फेकलं जातं, आणि ते जळून चिकटतात. उसाच्या फडातून भरलेली गाडी काढताना नेमकं हेच होतं. ड्रायव्हरला वाटतं, अजून थोडा रेस दिला की निघेल.

बरं, हा एक्सल ओळखायचा कसा?

नुसते टायर मोजून कळत नाही. दहा टायरी दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर वरून जुळ्या दिसतील. कंपनीच्या कागदावर मात्र एक ६ बाय २ असते आणि दुसरी ६ बाय ४. यातला पहिला आकडा म्हणजे चाकांची एकूण ठिकाणं (जोडटायर एकच धरायचा) आणि दुसरा म्हणजे त्यातली किती ताकदीवर फिरतात. खाली वाकून बघा. मागच्या दोन एक्सलपैकी एकालाच भोपळा असेल आणि दुसरा साधा नळकांड्यासारखा असेल, तर गाडी ६ बाय २. दोन्हींना भोपळे आणि त्यांच्या मधे एक आखूड प्रॉपेलर शाफ्ट असेल, तर ६ बाय ४. हायवेवर रिकामं असताना ज्याची चाकं हवेत उचललेली दिसतात तो लिफ्ट एक्सल, त्याला ताकद नसते.

आता चाकाच्या मधोमध बघा. बहुतेक अवजड ट्रकला तिथं गोल बोल्ट मारलेली चकती दिसते. ती एक्सल शाफ्टची टोपी. ती खोलून शाफ्ट ओढला तर चाक न काढता शाफ्ट हातात येतो, कारण अशा एक्सलमध्ये गाडीचं वजन हब आणि हाउसिंग पेलतं, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. याला फुल फ्लोटिंग म्हणतात. आणि चाकाच्या मधे डबा बसवल्यासारखा जाड फुगवटा असेल तर तिथं हब रिडक्शन आहे, म्हणजे वेग कमी करायचं अर्धं काम चाकातच होतं. खाणीतल्या टिपरला हे दिसतं. फायदा असा की मधला भोपळा लहान ठेवता येतो, दगडधोंड्यांवर तो आपटत नाही आणि शाफ्टवरचा ताणही कमी होतो. पण हबमध्येही ऑइल असतं, तेही बदलावं लागतं.

नेमकं मॉडेल कळायला हाउसिंगवर किंवा भोपळ्याच्या तोंडाशी धातूची छोटी पट्टी असते. चिखल आणि ग्रीसचा थर खरवडल्याशिवाय ती दिसत नाही. तिच्यावर मॉडेल, सिरियल नंबर आणि रेशो असतो. टाटाच्या गाडीच्या माहितीपत्रकात आरए १०९, आरए ११० असं लिहिलेलं दिसतं, ते मागच्या एक्सलचं मॉडेल. सगळेच एक्सल ट्रक कंपनी स्वतः बनवते असंही नाही. पुण्याच्या कल्याणी ग्रुपने परदेशी भागीदारासोबत १९८१ साली म्हैसूरला ऑटोमोटिव्ह एक्सल्स ही कंपनी उभी केली, ती आजही वेगवेगळ्या कंपन्यांच्या ट्रकना एक्सल पुरवते. म्हणून पार्ट मागताना फक्त गाडीचं नाव सांगून भागत नाही, पट्टीवरचा नंबर लागतो.

पट्टीच गायब असेल तर? जुन्या गाडीत हे सर्रास दिसतं. क्राउन उघडलेला असेल तर दात मोजा. क्राउनला ४१ आणि पिनियनला ७ दात असतील तर ४१ भागिले ७, म्हणजे ५.८६. ४१ आणि ६ असतील तर ६.८३.

न उघडताही रेशो काढता येतो. सपाट जागी, गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या-मागच्या बाकी सगळ्या चाकांना दोन्ही बाजूंनी पक्के ठोकळे लावून एका बाजूचं मागचं चाक जॅकने उचलायचं आणि एक्सलखाली मजबूत स्टँड द्यायचा. ब्रेक सोडावा लागतो, म्हणून ठोकळ्यांशिवाय हे करायचंच नाही. मग चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरला ते खडूची खूण करून मोजायचं. सहाला थोडं कमी भरलं तर रेशो ५.८६ च्या आसपास. एक नाही, दोनच फेरे का? दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असतं, त्यामुळं डिफरेंशियलमुळं मोकळं चाक क्राउनच्या दुप्पट फिरतं.

रेशोचं एवढं कौतुक कशाला, असं वाटू शकतं. टायरचा एक फेरा साधारण ३.२ मीटर धरा, टॉप गिअर थेट, म्हणजे एकास एक, आणि इंजिन १५०० आरपीएमवर. ५.८६ च्या एक्सलला गाडी ताशी ४९ किलोमीटरने जाईल, ४.११ ला ७० किलोमीटरने. पहिली घाटात खेचेल, दुसरी हायवेवर डिझेल वाचवेल. जुनी गाडी घेणाऱ्याने हे तपासलंच पाहिजे, कारण आधीच्या मालकाने क्राउन-पिनियन बदलताना जो सेट मिळाला तो बसवलेला असू शकतो. एक खूण सांगतो. स्पीडोमीटरला वेग बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून मिळतो. एक्सलचा रेशो बदलला आणि मीटर जुळवला नाही तर मीटरचा वेग आणि मोबाइलच्या जीपीएसचा वेग यांत घसघशीत फरक दिसतो. मीटरचं किलोमीटर रीडिंगही मग तेवढंच खोटं.

६ बाय ४ गाडीत तर दोन्ही एक्सलचे रेशो सारखेच लागतात. एकात वेगळा सेट बसला तर दोन एक्सलच्या मधलं डिफरेंशियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं आणि तापून संपतं. एका एक्सलला नवे टायर आणि दुसऱ्याला गुळगुळीत टायर, यानेही तेच होतं, फक्त सावकाश.

देखभालीत निम्मं काम ऑइलचं आहे. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासतातही, आणि तेही प्रचंड दाबाखाली. म्हणून इथं इंजिन ऑइल चालत नाही. ८५डब्ल्यू-१४० किंवा ८०डब्ल्यू-९० असं लिहिलेलं, जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. त्याला तो उग्र, गंधकाचा वास येतो ना, तोच त्याचा गुण. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं दातांवर पातळ थर धरतात. कुठलं ऑइल आणि किती किलोमीटरला, हे गाडीच्या पुस्तकातच बघायचं. टिपर आणि घाटातल्या गाडीला मुदत आणखी कमी. लेव्हल बघायची सोपी पद्धत म्हणजे गाडी सपाटीवर उभी करून भरायच्या भोकाचा बोल्ट काढायचा. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला लागलेलं हवं. बोट बुडवल्यावर लागतं म्हणजे आहे, असं नाही.

जुनं ऑइल काढताना खालच्या बोल्टच्या चुंबकाकडं लक्ष द्या. त्याच्यावर काळपट, लोण्यासारखा बारीक गाळ असणं नेहमीचं आहे. नखाएवढे तुकडे, चकचकीत कपच्या दिसल्या तर नवीन ऑइल भरून गाडी सोडू नका, भोपळा उघडा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात ओढ्यातून गेलेल्या गाड्यांत हे होतं. गरम एक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते.

हाउसिंगच्या वर एक बोटाएवढी टोपी असते, ब्रीदर. माझ्या मते अख्ख्या एक्सलवरचा सगळ्यात दुर्लक्षित पार्ट हाच. आतली हवा तापून फुगते ती इथून बाहेर जाते. चिखलाने हे तोंड बुजलं की दाब ऑइल सीलवर येतो, सील गळतं आणि ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये लायनरवर पोचतं. लायनर तेलकट झालं की त्या चाकाचा ब्रेक नीट लागत नाही, आणि ट्रक उतारावर असेल तर पुढचं सांगायला नको. चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला तर सीलसोबत ब्रीदर आणि लायनरही बघून घ्या. नुसतं सील बदललं तर महिन्याभरात ओघळ परत येतो.

आवाजावरूनही बरंच कळतं. रेस दिल्यावर "हूंऽऽ" असा आवाज आणि रेस सोडल्यावर बदलत असेल तर संशय क्राउन-पिनियनवर. फक्त वळताना खडखड झाली तर डिफरेंशियलचे छोटे गिअर. वेगासोबत वाढणारी सततची घरघर बहुतेक बेअरिंगची. थांबल्यावर सगळ्या हबजवळ हात न्या. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर बेअरिंग जास्त घट्ट आहे, ग्रीस संपलंय किंवा ब्रेक चिकटलाय. हात लगेच टेकवू नका, आधी जवळ धरून धग बघा.

एक्सल पाट्यांना बांधून ठेवणारे यू-बोल्ट ढिले पडले की पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो आणि अख्खा एक्सल तिरका सरकतो. पाटे बदलले की थोडं चालवून हे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, पण गॅरेजमधून गाडी बाहेर पडली की परत कोण जातो?

ओव्हरलोडचं काय? सरकारने २०१८ च्या जुलैमध्ये चार टायरी सिंगल एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली आणि टँडमची १९ वरून २१ टन. काहींनी याचा अर्थ जुन्या गाडीतही बिनधास्त वाढवून भरा, असा घेतला. कागदावरची मर्यादा वाढली म्हणून आधी बनलेल्या हाउसिंगचं पोलाद जाड होत नाही. तुटलेला शाफ्ट फेकायच्या आधी त्याचं तोंड बघा. वाळूवर लाटांच्या खुणा उमटतात तशा रेषा दिसल्या तर तडा बरेच दिवस आधी पडला होता आणि रोज थोडा थोडा वाढत होता. टोकाचे खाचे दोरीसारखे पिळलेले असतील तर तो झेपेल त्याहून जास्त जोराने ओढला गेलाय.

आणि गाडी बंद पडलीच, टोइंगवाला आला आणि मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढायला लागला, तर आधी त्याला थांबवा. इंजिन बंद असताना बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ऑइल वर फेकणारा शाफ्ट फिरत नाही, पण मागची चाकं प्रॉपेलर शाफ्टमधून गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरवत राहतात, कोरडाच. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या गॅरेजला पोचेपर्यंत एक्सलच्या कामात गिअरबॉक्सचं काम वाढलेलं असू शकतं. प्रॉपेलर शाफ्ट सोडून वर बांधा, नाहीतर दोन्ही एक्सल शाफ्ट ओढून काढा आणि हबची तोंडं झाका. अर्ध्या तासाचं काम आहे.