शोध ‘डुक्कर फियाट’चा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९५४ पासून भारतात आणलेली फियाट ११००-१०३ मुंबईकरांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ झाली, ती पुढे आलेल्या गोलसर नाकामुळे. नाव हिणवणारे, पण त्यात जिव्हाळाच अधिक. इंजिन १,०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत आणि पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागील बाजूस.

वडिलांनी कधीकाळी विकलेली अशी गाडी पुन्हा दारात उभी करावी, या ओढीने निघालेल्याची पावले जुन्या गॅरेजांकडे आणि भंगारबाजाराकडे वळतात. गाडी सापडली, की खरी परीक्षा सुरू होते. ताज्या रंगाखाली गंज दडलेला असतो. म्हणून प्रथम तळाचा पत्रा तपासावा. चॅसिस व इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. मूळ मालक हयात नसेल, तर वारसांच्या नावे हस्तांतरण झाल्याखेरीज इसार देऊ नये.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रथम नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, मूळ स्वरूप राखलेल्या खासगी गाडीस ‘विंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. प्रदर्शने, रॅली, इंधन व देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. नित्य वापरास मात्र मनाई आहे.

दुसरे इंजिन बसवून गाडी लवकर धावती करण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु त्यामुळे हा दर्जाच धोक्यात येतो आणि वडिलांच्या गाडीची खूणही पुसली जाते. मूळ सुटा भाग मिळेपर्यंत थांबणे, हेच अशा वेळी शहाणपणाचे ठरते.