लघवीतले रक्त आणि दंडावरची लस

लघवीतून रक्त गेले, दुखले काहीच नाही, दोन दिवसांत लघवी पुन्हा स्वच्छ झाली. अशा वेळी आमच्या कळंब्यात घरोघरी एकच निदान होते: उष्णता. मग धन्याजिऱ्याचे पाणी सुरू होते. अब्बा मुलांना सांगायला लाजतात, अम्मी तर कुणालाच सांगत नाहीत. न दुखता गेलेले रक्त ही मूत्राशयाच्या कर्करोगाची बहुतेकदा पहिली खूण असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर मुळीच थांबू नये. या रोगाचे सर्वांत मोठे कारण तोच धूर.

चारांपैकी सुमारे तीन रुग्णांत गाठ सुरुवातीला मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचलेली नसते. तेव्हा पोट न फाडता लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून ती खरवडून काढतात. पण ही गाठ पुन्हा उगवण्यात पटाईत. म्हणून धोका जास्त असेल, तर डॉक्टर नंतर बीसीजी देतात. होय, तीच क्षयाची लस, जिची खूण आपल्या लेकरांच्या डाव्या दंडावर असते! १९७६ साली कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी ती मूत्राशयात सोडून गुण आल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटही हे औषध बनवते. लसीतले दुबळे जंतू शरीराच्या संरक्षक पेशींना तिथे जागे करतात आणि त्या पेशी उरल्यासुरल्या रोगावर तुटून पडतात.

आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. बारीक नळीने औषध आत सोडतात आणि दोन तास लघवी रोखायची. पुढचे सहा तास बसूनच लघवी करावी, संडासात ब्लीच टाकून पंधरा मिनिटांनी पाणी सोडावे, कारण त्यात जिवंत जंतू असतात. थोडी जळजळ होतेच. ताप चढला किंवा उतरेना, तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवावे.

मधे रमजान आला तर? आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. डॉक्टरांना न विचारता औषधाची तारीख पुढे ढकलू नये. लघवीचे थेंब गळत राहिले, तर नमाज सोडण्याऐवजी वुजूचा मसला इमामसाहेबांना विचारावा. त्यात लाज कसली?

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयात आधीच करावी. आणि गाठ काढल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीची तपासणी असते. बरे वाटू लागले की नेमकी तीच चुकते. ती तारीख सुनेने किंवा लेकीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.